आवाजाशिवाय दिलेला खो

तात्या, मंगळवारी सकाळी फुलबाजारातून घरी आल्यावर तुमच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. मखमलाबादच्या मळ्यात त्या दिवशी शेवंतीची तोडणी अर्धीच राहिली. दुपारी अमरधामात गर्दी बरी होती. आपल्या मंडळाच्या खो-खोच्या मुली शाळेच्या गणवेशातच आल्या.

बातमी मीच लिहिली. डेस्कवरून विचारणा झाली, हे नक्की कोण होते. तुम्ही मंडळाचे पदाधिकारी नव्हतात, प्रशिक्षक नव्हतात, पंच तर नव्हतातच. फुलं पिकवायचात, विकायचात आणि संध्याकाळी मैदानाच्या दोरीला टेकून उभे राहायचात. शेवटी 'खो-खोचे जुने चाहते' असं लिहिलं आणि चार ओळींत बातमी संपवली. जे तिच्यात बसलं नाही ते इथं लिहिते आहे. त्यातलं बरंचसं तुम्हाला आवडलं नसतं.

महापालिकेच्या बातम्या करता करता माझी क्रीडा पानावर बदली झाली, तेव्हा मी त्या मैदानावर पहिल्यांदा आले. शाळेत असताना मी खो-खो खेळले होते, म्हणून मला तो कळतो असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही टोपलीतून झेंडूची फुलं काढून मातीत एका ओळीनं ठेवलीत आणि माझी परीक्षा घेतलीत.

"हे बसलेले गडी. एकाचं तोंड इकडं, पुढच्याचं तिकडं. पळणाऱ्याच्या मागं जो लागलाय, त्याला ही ओळ ओलांडता येत नाय. मग तो काय करनार?"

"बसलेल्याला खो देणार."

"कसा?"

"पाठीला हात लावून."

"झालं! शाळेत काय कपाळ खेळलीस का? हात लावायचा आन् तोंडानं 'खो' म्हनायचं. दोन्ही एकदम. नुसता हात लागला, आवाज नाय आला, तर फाऊल. आधी हात आन् मागनं आवाज, तरी फाऊल. बसलेल्याला पाठीमागचं दिसतं का? त्याला आवाजानंच कळतं, आता आपली पाळी."

"आणि खो देणारा?"

"तो उठलेल्याच्या जागेवर बसतो. खो दिला की आपन गप बसायचं."

हे शेवटचं वाक्य तेव्हा मी नियम म्हणून ऐकलं.

तुमची ओळख त्या आवाजाची होती. सामना कुठलाही असो, एखाद्या मुलीनं घाईत नुसता हात मारला की दोरीवरून तुमची आरोळी यायची, "आवाज! आवाज कुठंय?" पंचांची शिट्टी कितीदा तरी तुमच्या मागून वाजली आहे. आपल्या संघाला तुम्ही यातून सूट दिली नाही. फाऊल झाला की आक्रमकाला उलट दिशेला फिरावं लागतं आणि हाताशी आलेला गडी निसटतो. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तुमच्या आरोळीनं आपलाच हातातोंडाशी आलेला गडी निसटला, तेव्हा मंडळाचे सचिव तुमच्यावर धावून आले होते.

"तात्या, तुम्ही आमचे का त्यांचे?"

"तुमचा. म्हनून तर घरी जाऊन जेवन जात नाय मला."

मी कुठल्याच बाजूनं ओरडत नसे, याचा तुम्हाला राग होता. बातमीदारानं ओरडायचं नसतं, आणि बातमीत 'आपण जिंकलो' असं लिहायचं नसतं, हे मी तुम्हाला अनेकदा सांगितलं. "मग तुझा जीव कुनात गं?" तुम्ही विचारायचात. मी वहीत गुण मांडत राहायचे. मॅटवरून, लीगवरून आपण भांडलो. मॅटनं मातीचा खेळ मारला हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही, अजून पटत नाही. ती भांडणं सरळ होती.

दुसरं भांडण सरळ नव्हतं, हे मला आता कळतं आहे.

आपल्या मैदानावरचे चांगले खेळाडू टिकत नाहीत. मुलगा तयार झाला की रेल्वेत जातो, मुलगी तयार झाली की बँकेच्या नाहीतर एखाद्या सरकारी खात्याच्या संघात जाते. मुंबई-पुण्याचे संघ इथं खेळायला येतात तेव्हा त्यांच्यातले दोघं-तिघं आपल्याच मैदानावर वाढलेले असतात. मी त्यांच्याविषयी लिहिताना 'नाशिकचा' किंवा 'नाशिकची' असं लिहायचे. तुम्हाला ते चालत नसे. तुमच्याकडे त्यांच्यासाठी एकच शब्द होता, पाहुणा. जो गेला त्याचं नाव तुम्ही परत घेत नसायचात. "पाहुना काय म्हनतो?" "पाहुन्यानं आज सूर मारला म्हने." सगळं मैदान तुमच्यामुळं तसं बोलायला लागलं. जिंकणाऱ्या संघाला तुम्ही मळ्यातल्या फुलांचे हार आणायचात, पण त्या संघात पाहुणा असला तर तेवढा एक हार कमी असायचा.

त्यातून एकच माणूस सुटला होता, कारण तो गेलाच नव्हता. दिगंबर. त्याच्यासारखा खांबावर सूर मारणारा गडी नाशिकनं नंतर पाहिला नाही, असं जुनी माणसं सांगतात. त्याला रेल्वेच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं तेव्हा जिल्ह्याचे सामने तोंडावर होते. मंडळानं परवानगी दिली नाही. त्या बैठकीत तुम्ही सदस्य नसताना उभे राहिलात आणि सगळ्यात मोठ्यानं बोललात, "एक महिना थांबला तर काय रेल्वे पळून जाती का?" रेल्वे पळून गेली. पुढच्या वर्षी दिगंबरचा गुडघा गेला. त्याच्या नोकरीला मंडळानं खो घातला, असं लोक म्हणतात. मंडळात कुणाकुणाचे हात होते तेही लोकांना माहीत आहे. दिगंबर आता फुलांचा टेंपो चालवतो. नाशिकची फुलं दादरच्या बाजारात नेतो, त्यात तुमचेही क्रेट असायचे. मैदानाच्या आत तो त्यानंतर आला नाही. कधी सामना असला तर कुंपणाबाहेर टेंपोला टेकून उभा राहायचा.

मग यमुना आली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी, आश्रमशाळेतून नाशिकच्या वसतिगृहात आलेली. तुम्ही तिला पहिल्या दिवशी विचारलंत, "पळायला कुनी शिकवलं गं?"

"कुनी नाय. शाळेतून घरी पळून जायचे, तेवढंच."

तुम्ही इतके हसलात की सरावाला आलेल्या मुली थांबून बघायला लागल्या. ती खांबापाशी उभी राहायची आणि आक्रमक अंगावर येईपर्यंत हलायची नाही. समोरची मुलगी झेपावली की ही दुसऱ्या बाजूला. "ही पळत नाय," तुम्ही मला म्हणालात, "ही समोरच्याला पळवते." रविवारी ती तुमच्याकडे जेवायला असायची. तुमच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, तिला यमे म्हणायच्या. मैदानाच्या भिंतीवर राज्य पातळीवर खेळलेल्यांच्या नावांचा फलक आहे, त्यावर तिचं नाव रंगवलं गेलं तेव्हा पेंटरच्या मागं उभं राहून तुम्ही अक्षरं तपासलीत.

दोन वर्षांपूर्वी, राज्य स्पर्धेला आठवडा राहिला असताना, ती सरावाला आली नाही. वसतिगृहातून कळलं की ती बॅग घेऊन गेली. दोन-तीन दिवसांत बातमी आली, मुंबईच्या एका कार्यालयाच्या संघात तिची निवड झाली, नोकरीसह. त्या वर्षी नाशिकच्या मुली पहिल्यांदाच विजेतेपदाच्या दावेदार होत्या. मी मैदानावर आले तेव्हा तुम्ही नेहमीच्या जागी होतात. मी काही विचारायच्या आधी तुम्ही बोललात, आणि मी लिहून घेतलं.

"न सांगता गेली. लेकीसारखं वागवलं तिला, तिनं पाठीमागून खो दिला. तोही आवाज न करता."

मी यमुनाला फोन केला. हे खरं आहे का, विचारलं. ती म्हणाली, "तात्या म्हनतात तसंच लिहा." मी तिला पुन्हा विचारलं. तिनं फोन ठेवला. बातमीत तुमचं वाक्य अवतरणचिन्हांत गेलं, आणि 'यमुना यांनी अधिक बोलण्यास नकार दिला' हेही गेलं. 'आवाज न करता गेली' हे शीर्षक झालं. नाशिकमध्ये ते बरेच दिवस लोकांच्या तोंडी होतं. राज्य स्पर्धेत आपल्या मुली उपांत्य सामन्यात हरल्या. परत आल्यावर चुन्याचा डबा आणि ब्रश घेऊन तुम्ही स्वतः फलकापाशी गेलात आणि तिच्या नावावर चुना फासलात. मी तिथं होते. ब्रश दोनदा तुमच्या हातून खाली पडला. मी तो राग समजले.

गेल्या वर्षी ती मुंबईच्या संघातून इथं खेळायला आली. ती मैदानात शिरताच तुम्ही ओरडलात, "पाहुनी आली! पाहुनीला पानी द्या रे कुनीतरी!" सगळी दोरी हसली. मग सामनाभर तेच चाललं. ती पहिल्याच पाळीत लवकर बाद झाली आणि रेषेबाहेर मान खाली घालून बसली. 'घरच्या मैदानावर यमुनाला सूर गवसला नाही,' असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला 'घरच्या' या शब्दावरून झापलंत.

"घर कुनाचं? सोडून गेली ना ती?"

तात्या, तुमच्या दशक्रियेला रामकुंडावर यमुना आली होती. मुंबईहून पहाटेची गाडी पकडून. घाटाच्या पायऱ्यांवर मंडळाची माणसं उभी होती, त्यांच्यात कुणीतरी सवयीनं म्हणालं, "पाहुणी आली." काकूंनी वळून एकदा तिकडं पाहिलं आणि यमुनाचा हात धरून तिला बायकांच्यात नेऊन बसवलं. विधी आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. आम्ही देवळाच्या सावलीत उभ्या होतो.

"ताई, तात्यांनी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाय ना?"

"काय?"

"मला त्यांनीच नेलं व्हतं मुंबईला."

तिनंच सांगितलं. चाचणीचं बोलावणं तिला आलं होतं आणि ती ते घेऊन पहिल्यांदा तुमच्याकडे आली होती. स्पर्धा तोंडावर होती. मंडळ सोडणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. "तात्या म्हनले, मी एकाची गाडी चुकवली, दुसऱ्याची चुकवनार नाय."

"मग तू न सांगता गेलीस, असं का पसरवलं?"

"त्येच म्हनले. शिव्या तुला पडू दे. तू तिथं असशील, तुला ऐकू येनार नायत. मला हितं रोज दोरीवर उभं राहायचंय." हे सांगताना तिला हसू आलं. "मीबी हो म्हनले. नोकरी मिळत व्हती, मला काय!"

"आणि गेल्या वर्षी, सामन्यात?"

तिचं हसू गेलं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मला म्हाईत व्हतं नाटक हाय. तात्यांनी आधी फोन करून सांगितलं व्हतं, मी वरडनार हाय, मनावर घेऊ नको. पन त्या दिवशी आवाज खरा वाटला."

"फलकावर तुझं नाव नाही, हे ठाऊक आहे?"

"हां. पाहिलं. कुनी पुसलं?"

मी तिला सांगितलं. ती नदीकडे बघत राहिली. हे तुम्ही तिला सांगितलं नव्हतं.

एकाच माणसाच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी फुलबाजारात गेले. दिगंबर टेंपोत क्रेट चढवत होता. मी सरळ विचारलं. त्यानं हातातला क्रेट खाली ठेवला.

"नेलं ना. झेंडूच्या क्रेटमधी तिला जागा केली. तात्या पुढं, माझ्या शेजारी. काकूला सांगून आले व्हते, दादरचा भाव बघून येतो. कसाऱ्यापर्यंत एक शब्द नाय बोलले. मग म्हनले, दिग्या, तुला राग येत असंल. मी म्हनलो, तात्या, घाट हाय, गाडी चालवू द्या."

"आला होता राग?"

"ताई, मी वर्षानुवर्षं त्यांचीच फुलं वाहतोय." त्यानं क्रेट पुन्हा उचलला. "राग कुठं ठेवायचा गाडीत?"

मी निघाले तेव्हा त्यानं मला हाक मारली.

"मी त्यांना म्हनलो व्हतो, पेपरवाल्या ताईला तरी खरं सांगा. तर म्हनले, नको. तिला खरं कळलं की ती छापनार, तिला थांबवता येत नाय. तिला खोटंच सांगावं लागंल."

काकूंनाही विचारलं. भाव बघायला जातो असं तुम्ही त्यांना सांगितलं होतं, हे त्यांनी मान्य केलं. खरं काय ते त्यांना तुम्ही वर्षभरानं सांगितलंत. "मी म्हटलं, पोरीचं नाव खराब केलंत. तर म्हणाले, तिची नोकरी पक्की होऊ दे, मग बोलू." नोकरी पक्की होऊनही बरेच दिवस झाले. तुम्ही बोलला नाहीत.

इतकं तीन माणसांनी सांगितलेलं आहे आणि त्यात कुठं विसंगती नाही. यापुढचं माझं आहे.

तुमच्यावर माझा राग यमुनाला नेल्याबद्दल नाही. ते तुम्ही केलेलं सगळ्यात चांगलं काम असेल. ती आज पगारावर आहे, पाड्यावरच्या भावाला तिनं शिकायला ठेवलं आहे, ती राष्ट्रीय स्पर्धेत खेळते. चांगले खेळाडू गाव सोडतात म्हणून मी कधी रडले नाही. ते रडणं तुमचं होतं, आणि ते ऐकत ऐकत मलाही वाटायला लागलं की आपलं काहीतरी लुटलं जातं आहे. यमुना गेली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं. फसवलं गेल्यासारखं. ते वाटणं खोट्यावर उभं होतं. तुम्ही ते खोटं मला दिलंत, कारण मी खरं छापते हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्यावरचा तुमचा सगळ्यात मोठा विश्वास तुम्ही मला फसवायला वापरलात.

आणि तिचं काय? एक पोरगी, आईबाप डोंगरात, शहरात तिचं म्हणावं असं एकच घर, तुमचं. तुम्ही सगळ्या शिव्या तिच्या नावावर लिहून दिल्यात, कारण दोरीवरची जागा तुम्हाला सोडायची नव्हती. सचिवांसमोर उभं राहून 'मी नेली' एवढं म्हणायला तुम्हाला काय लागलं असतं? दोरीवर काही दिवस कुणी बोललं नसतं. दिगंबरच्या वेळी भर बैठकीत उठून बोललेला माणूस तुम्ही. अडवायला तुमच्याकडे आवाज होता. पाठवायला नव्हता.

ब्रश दोनदा तुमच्या हातून पडला होता, हे मी विसरलेले नाही. तुम्ही गेल्या वर्षीच्या सामन्यानंतर जेवला नव्हतात, हे काकूंनी सांगितलं. यमुनाच्या नावाचा हार तुम्ही आणत नव्हतात, पण तिच्या संघाचा कुठलाही निकाल तुम्ही माझ्या आधी सांगायचात आणि 'असंच कुनीतरी म्हनलं' असं म्हणायचात. हे सगळं मी एका बाजूला मांडलं. दुसऱ्या बाजूला तिचं ते वाक्य आहे, आवाज खरा वाटला. दोन्ही बाजू जुळत नाहीत. मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, त्या दिवशी दोरीवरून ओरडताना त्यात नाटक किती होतं? तिला पाठवणारे तुम्ही, आणि ती गेली म्हणून खरोखर चिडलेलेही तुम्हीच, असं होतं का? मला वाटतं, होतं. पण ते आता कुणी पक्कं करू शकत नाही, म्हणून ते मी कुठं छापणार नाही.

मातीतल्या झेंडूच्या फुलांपासून मी जे शिकले ते तुमच्याकडून. तुमच्या त्या एका आरोळीमुळं मी खेळाकडे नीट बघायला लागले, हेही खरं. म्हणूनच तुम्ही काय केलंत ते मला नेमकं सांगता येतं. तुम्ही यमुनाच्या पाठीला हात लावलात आणि तोंडानं काही बोलला नाहीत. मग तिच्या जागेवर गप्प बसून राहिलात.

मी दुरुस्ती छापायचं ठरवलं. संपादक म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नावावर दुरुस्ती? ते उत्तर द्यायला नाहीत."

"ज्यांच्याबद्दल चूक छापली त्या आहेत," मी म्हटलं.

त्यांनी कोणी कोणी सांगितलं ते विचारलं. मी सांगितलं. काकूंची परवानगी मी आधीच घेतली होती. काकू म्हणाल्या, "छाप. पण फुलवाले म्हणून लिही त्यांना. नुसतं चाहते नको."

दुरुस्ती पुढच्या शुक्रवारी क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात आली. 'खो-खोपटू यमुना यांनी दोन वर्षांपूर्वी कोणालाही न सांगता नाशिकचा संघ सोडल्याचे वृत्त या पानावर प्रसिद्ध झाले होते. ते बरोबर नव्हते. त्यांना निवड चाचणीसाठी मुंबईला नेण्यात मखमलाबाद येथील फुलउत्पादक आणि खो-खोचे चाहते, दिवंगत तात्या यांनीच पुढाकार घेतला होता, असे संबंधितांनी सांगितले. चुकीच्या वृत्ताबद्दल दिलगीर आहोत.' तुमच्या नियमानं हाही फाऊलच. हात केव्हाच लागला होता, आवाज आत्ता आला.

दुपारपर्यंत मंडळाच्या सचिवांचे फोन येत राहिले. मेलेल्या माणसाची बदनामी केली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं म्हणणं मी नोंदवून घेतलं. 'म्हणजे तात्यांनी आमच्या मैदानावर उभं राहून आम्हालाच फसवलं?' असंही ते म्हणाले. माझाही तोच प्रश्न होता.

रविवारी मैदानावर निमंत्रितांची स्पर्धा होती. ती आधीच ठरलेली होती. आपल्या मुलींचा सामना यमुनाच्या संघाशी होता. फलकावरची ती जागा अजून पांढरी होती. सामन्याआधी तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. त्या वेळी दोन्ही संघ समोरासमोर उभे होते, यमुना रांगेत शेवटची. दोरीवर तुमची जागा कुणी घेतली नव्हती, तिथं रिकामी खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर शेवंतीचा हार. तो काकूंनी पाठवला होता.

यमुना मैदानात आली तेव्हा कुणी पाहुणी म्हणालं नाही. दुसरंही काही म्हणालं नाही.

दुसऱ्या डावात आपल्या मुली आक्रमणाला होत्या आणि यमुना पळत होती. गुण जवळपास बरोबरीत होते. खांबाच्या बाजूला आपल्या मुलींनी तिला कोंडीत धरलं होतं. आपल्या आक्रमक मुलीनं घाईत बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात मारला आणि ती बसलेली मुलगी उठून झेपावली. आवाज आला नव्हता. मला ते दिसलं. पंच दुसऱ्या बाजूला बघत होते. दोरीवर सगळे गप्प होते.

"आवाज! आवाज कुठंय?"

ओरडणारा दिगंबर होता. तो कुंपणाच्या आत, तुमच्या खुर्चीच्या मागं उभा होता. तो कधी आत आला, मी पाहिलं नाही.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि फाऊल दिला. आपल्या मुलीला उलट फिरावं लागलं. यमुना कोंडीतून निसटली.

पाळी संपेपर्यंत ती बाद झाली नाही. आपण दोन गुणांनी हरलो.